अण्णांनी जपलेले बूट

लिफ्ट दुरुस्त करणारे अण्णा एरवी साधा माणूस. पण बर्फात चालायच्या बुटांचा विषय निघाला की त्यांच्या अंगात यायचं. ते बूट त्यांनी तळहातावरच्या फोडासारखे जपले होते. थंडी सरली की नाड्या सोडून धुवायच्या, आतल्या गाद्या काढायच्या, तळाच्या खाचा जुन्या टूथब्रशने घासायच्या. मग सावलीत वाळवण. उन्हात नाही, आणि हीटरजवळ तर मुळीच नाही. कातड्याला मेण चोळून, पोटात कागदाचे बोळे भरून, कापडी पिशवीतून स्वारी कपाटात.

"पोरीला न्हाऊ घालताना एवढा जीव नाही लावलात कधी," बायको म्हणायची.

खरी गंमत अशी, की गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हे बूट डोंगरावर गेलेच नव्हते. अण्णा दर उन्हाळ्यात स्वच्छ बूट पुन्हा स्वच्छ करत. डॉक्टरांनी केव्हाच "खुशाल चाला" म्हणून सांगितलं होतं. पण हिवाळा आला की अण्णांचं काहीतरी निघायचंच. मेण नीट मुरलं नाही, हवा धड नाही, कुठली तरी लिफ्ट अडकली. नाचता येईना, अंगण वाकडं! बायकोही मग घरीच राहायची. तिचे बूट मात्र ती बारा महिने घालायची, अगदी भाजी आणायलासुद्धा. "बर्फाचे बूट बाजारात?" म्हणून अण्णा कपाळावर हात मारून घेत.

या उन्हाळ्यात मेणाची डबी उघडलेली पाहून बायकोने सांगून टाकलं, "यंदा मी जाणार. तुमच्याबरोबर, नाहीतर माझ्या ताईबरोबर."

अण्णा डबीचं झाकण घट्ट लावू लागले. त्या डोंगरावर ती त्यांच्याशिवाय कधी गेली नव्हती.

"बघू की. बूट तरी तयार होऊ देत."

"तयारच आहेत. घाला बघू पायात."

तिचं तोंड बंद करायला म्हणून अण्णांनी बूट चढवले, नाड्या आवळल्या आणि ऐटीत स्वयंपाकघरापर्यंत गेले.

"अहो, मागे बघा."

पुसलेल्या फरशीवर काळा चुरा सांडला होता. उजव्या बुटाचा तळ अर्धा निखळून दारातच राहिला होता. डाव्याचा शिळ्या केकसारखा भुगा होत होता.

चांभाराने बूट उलटसुलट करून पाहिले. "वरचं कातडं नव्यासारखं आहे हो. पण असले तळ पडून राहिले की आतून विरतात. वापरात असते तर अजून टिकले असते." बायकोने आपल्या झिजलेल्या बुटांकडे पाहिलं आणि "अति तिथं माती" एवढंच म्हणाली. इतकं हसू तिने कसं दाबलं, तिचं तिलाच ठाऊक.

खरं म्हणजे अण्णांची सुटकाच झाली होती. बूटच नाहीत म्हटल्यावर जायचा प्रश्नच मिटला. पण परतताना त्यांना अगदी रडू यायला लागलं. कोपऱ्यावरच्या बाकावर ते मटकन बसले.

"गुडघा ठीक आहे गं माझा. मला भीती वाटते. मध्येच पाय अडला तर तुझ्या गळ्यात लोढणं."

"मग बसू की मध्येच. वर कुणी आपली वाट बघतंय थोडंच?"

अण्णा उठले आणि घराकडे न वळता सरळ बुटांच्या दुकानात शिरले.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात अण्णा जाड लोकरी मोजे आणि नवे बूट घालून रस्त्यावर. पेपरवाला म्हणाला, "काय अण्णा, बर्फ पडणार वाटतं!" अण्णांनी त्याला हात केला. नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन नवरा-बायको दोघं घामाघूम होऊन परतली. दारात बायकोने नाड्या सोडायला हात लावला तसे अण्णा कळवळले.

"गुडघा?" ती घाबरली.

"छे! टाच सोलली." अण्णांनी मोजा काढून तिला टाच दाखवली, अगदी कौतुकाने. "उद्या पुलाच्या पलीकडे जाऊ या?"