खमिसाची भावकी

साक्रीच्या बाजारगल्लीत मोतीलाल शिंप्याचं दुकान होतं. पाटीवर लिहिलेलं, ‘खमीस-पायजमा स्पेशालिस्ट’. सत्त्याऐंशीच्या दिवाळीआधी त्याने ती पाटी स्वतःच उतरवली आणि मशीनमागे, तोंड भिंतीकडे करून उभी ठेवली. पुण्याला फ्रेंच शिकायला गेलेली त्याची लेक कुमुद सुट्टीला येणार होती. खमीस हा गावंढळ शब्द. रंगारी त्या जागी ‘शर्ट-पँट’ लिहून देणार होता.

मापं द्यायला आलेल्या सुकदेव नानांनी डिवचलंच, “मोतीलाल, पोर आते मडम व्हयनी. तुना दुकानमा बसी का ती?”

मोतीलाल हसला खरा, पण तीच धास्ती त्याने महिनाभर पोटात वागवली होती. पोरीला आपली लाज वाटली तर?

तेवढ्यात कुमुद एस.टी.तून उतरून थेट दुकानात आली. पिशवी टाकली, सतरंजीवर बसली आणि सवयीने समोरच्या खमिसाला काजं करायला घेतली. मग मान वर केली.

“आबा, पाटी कोठे शे?”

“रंगवाले देवानी शे. खमीस म्हननं आते बरं दिखत नही. तुना पुनाना लोके काय म्हनतीन?”

कुमुदची सुई थांबली. ती सांगू लागली. फ्रेंच लोक सदऱ्याला ‘शमीझ’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधल्या ‘कामिसिया’चा, रोमन शिपाई अंगालगत घालायचे तो अंगरखा. त्याच्याही मागे बहुधा उत्तरेकडच्या टोळ्यांची बोली असावी, पण तिथे धागा तुटतो, पंडित अजून भांडतात. कामिसियाचा दुसरा फाटा अरबांकडे गेला, ‘कमीस’ झाला आणि फारसीच्या संगतीने फिरत आपल्या बाजारापर्यंत आला.

जुनी शिवण टाका टाका उसवताना मोतीलाल जसा वाकायचा, तसा तो वाकून ऐकत होता.

“म्हंजे ते शमीझ आन आपलं खमीस भावकी शे?”

“मंग! वर्गमा मी हाईच सांगं. म्हनं, मना बापनी पाटीवर शे हाऊ शब्द.”

मोतीलालने तांब्या उचलला आणि घटाघटा निम्मा रिकामा केला. मग मशीनमागून पाटी काढली, बाहीने पुसली. कुमुदने स्टूल धरलं.

“आरे, मना माप?” नाना ओरडले.

“थांबा नाना,” मोतीलाल वरून म्हणाला, “पहिले भावकीनी पाटी लाऊ द्या.”