कोलशेतचा तो डास कोणता, हे न कळता ताई गेली

अनघाताई आज सकाळी गेली आणि मला रडू यायच्या आधी राग आला.

काम अर्धं टाकून कोण जातं गं असं?

ताई माझी लॅबमधली सीनियर. जन्मभर डास पकडले बाईने. ठाण्यात कोलशेतला खाडीजवळ एक तबेला होता. तिथल्या भिंतीवरचे डास आम्ही काचेच्या नळीने ओढून घ्यायचो. तबेल्याची आक्का हसायची, "काय गो बाय, लोका मच्छर मारतान, तू पालतंस?"

त्याच आक्काला दर पावसाळ्यात मलेरिया. ते ताईच्या मनाला फार लागलेलं.

तिथले डास भिंगाखाली धरले तरी सगळे सारखेच दिसायचे. पण ताईला संशय होता, या दोन जाती आहेत. एक खाडीच्या खाऱ्या पाण्यात वाढणारी, दुसरी गोड्या. फरक कळणार तो फक्त डीएनएत.

मलेरिया कोणती देते ते कळलं, की औषध कुठल्या पाण्यावर मारायचं तेही कळणार.

आणि तिथेच माती खाल्ली.

डीएनए तपासायचं किट महाग, ते पुरवून वापरायचं, म्हणून सारखे दिसणारे डास एकाच ट्यूबमध्ये कुटायची आमच्याकडे पद्धत. ताईनेही तेच केलं. रिझल्ट आला. दोन्ही जाती हजर, मलेरियाचा जंतूही हजर.

पण कोणात? देव जाणे.

"तूर नि मूग एकत्र वाटले मी, आता निवड म्हणतेस!" असं म्हणून हसली. मग बाथरूममध्ये जाऊन रडली.

पुढच्या पावसाळ्यात एका डासाला एक ट्यूब, असं ठरवून गेलो. तबेलाच नाही! टॉवरचा पाया खणत होते. आक्का कुठे गेली, कोणालाच धड सांगता येईना.

मग ताईचं आजारपण. मी एकटीच आसपास शोधत राहिले. डास मिळाले, एकेक तपासल्यावर दोन्ही जाती वेगवेगळ्या ओळखताही आल्या. जंतू मात्र एकातही नाही.

परवा कल्याणला तिच्या घरी गेलेले. आवाज पार बसलेला, तरी पहिला प्रश्न, "कोणती गं?"

काहीतरी ठोकून दिलं असतं तर निदान शांत झोपली असती. अगदी ओठांवर आलेलं. पण ताईला थाप मारायची?

"नाही कळलं, ताई."

डोळे मिटून पडली. मला वाटलं, झोप लागली.

"मग तसंच लिही," म्हणाली. "नाही कळलं, असं लिही. उगाच माझ्या नावावर काही खपवू नकोस."

लिहिलंय, ताई.

फार वाईट वाटतंय गं. नीट जा.