कळलावीचं पीक

साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, स्वस्थ बसवेना. कन्नडजवळच्या आमच्या डोंगरउतारावर धड काही येत नव्हतं, पण तिथल्या झुडपांत कळलावी कुणी न लावता उगवायची. शहरातल्या औषधी बियांच्या एका व्यापाऱ्यानं तिच्या बियांना चांगला भाव सांगितला. झालं! दादांनी रानातून कंद गोळा केले आणि अख्खा तुकडाच लावून टाकला.

"दारात लावली की घरात भांडणं लागत्यात म्हणं," आई भीतभीत म्हणाली.

"दारात कुठं लावतोय? रानात लावतोय!" दादा तिच्यावर खेकसले. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

कंद विषारी असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आम्हालाच दहादा बजावलं होतं. तरी न उगवलेल्या जागी पुन्हा लावायला राखलेले कंद त्यांनी, शेडमध्ये उंदीर लागतात म्हणून, स्वयंपाकघरातल्या टोपलीत आणून ठेवले. स्वयंपाकघरात! आजही लिहिताना माझं डोकं फिरतं.

आषाढातल्या एकादशीला आत्या लासूर स्टेशनहून आली होती. तिकडं सगळी सपाट काळी जमीन, तिनं हा कंद जन्मात पाहिला नव्हता. आई शेतात. भावजय दमून येईल म्हणून आत्यानं टोपलीतली 'रताळी' सोलली आणि फोडी गुळात शिजवल्या. तिला स्वतःला शुगर, म्हणून तिनं नुसती भगर खाल्ली. मी तेव्हा शहरात, पुंडलिकनगरातल्या माझ्या घरी होते. पुढचं सगळं तिनंच मला रडत सांगितलं.

"आक्का, जरा कडवट लागतंय," आई म्हणाली होती.

"गूळ खाली लागला आसंल. खा गं, सकाळपासून उपाशी हैस."

मोठ्या नणंदेनं मायेनं वाढलेलं ताट आई दूर कशी सारणार? तिनं चारपाच फोडी गिळल्या.

दादा घरी आले तेव्हा ती ओकून ओकून आडवी झाली होती. चुलीजवळची सालपटं बघून त्यांच्या सगळं ध्यानात आलं. मग जीपमध्ये घालून तिला कन्नडला नेलं, तिथून शहरात. दवाखान्याच्या जिन्यात दादा लहान पोरासारखे रडले. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आई वाचली. पण घरी आणल्यावर तिचे केस गळायला लागले, नुसते झुबकेच्या झुबके. बघता बघता डोकं गुळगुळीत झालं. विषाचाच परिणाम आहे, परत येतील, असं डॉक्टर म्हणाले. शेजारणी तब्येत विचारायचं निमित्त करून डोकावायच्या. आई पदर कपाळापर्यंत ओढून भिंतीकडं तोंड करायची.

त्याच दिवसांत तिनं दादांकडं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. "ते समदं उपटून टाका. मला बाकी कायबी नको."

मी रोज दादांना फोन करायचे. उपटलं का? "बघू," एवढंच यायचं. मला तरी वाटत होतं, उपटतील. जिन्यात रडलेला माणूस होता तो.

ऑगस्टात मी माहेरी असताना व्यापारी पीक बघायला आला. सगळा उतार लाल-पिवळ्या फुलांनी भरला होता. रान फिरून तो ओसरीवर येऊन बसला. मी चहा न्यायला उठले, तर आईनं ट्रे माझ्या हातातून काढून घेतला. उंबऱ्यात थांबून तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि तशीच बाहेर गेली.

व्यापाऱ्याची नजर तिच्या डोक्यावर गेली आणि झटकन कपाकडं वळली. मी दादांकडं बघत होते. बोला आता. अहो, बोला ना!

व्यापारी खाकरला. "फुलोरा झकास आलाय. पुढच्या साली वरचा तुकडाबी लावा."

दादांनी कप उचलला.

"व्हय," ते म्हणाले. "लावू की."

आई ट्रे धरून तिथंच उभी होती.