परत आलेले डबे

अक्षर खराब आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि आता डबे घासून बोटं सुजलेली असतात, पेन नीट धरवत नाही. कुणी वाचणार नाही, तरी माफी मागते. माफी मागायची सवय लागलेली आहे. ही वही डब्यांची आहे. पुढची पानं रेघांनी भरली, मागची कोरी राहिली. त्या कोऱ्या पानांवर हे लिहिते.

निखिल सरांनी कचऱ्याची काळी पिशवी फरशीवर ओतली आणि मला म्हणाले, "मोज."

दुपारचे तीन वाजले होते. शारजात रोल्लाच्या मागच्या गल्लीत आमचं किचन आहे. मॅडमचा डब्यांचा धंदा. निखिल सर मॅडमच्या बहिणीचा मुलगा, दुबईत मोठ्या कंपनीत फायनान्सला. धंदा तोट्यात चालला म्हणून मॅडमनी त्यांना वर्षाचा रिव्ह्यू करायला बोलावलं होतं. ते स्टीलच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. मॅडम शेजारी. आम्ही सगळे भिंतीला लागून उभे.

ते म्हणाले, "सिंपल आहे, मावशी. डबे तीनशे दहा. डब्याला चार पोळ्या. बाराशे चाळीस झाल्या. पण पीठ संपतं चौदाशे पोळ्यांचं. रोज एकशे साठ पोळ्या जातात कुठे?"

मग त्यांनी विचारलं, "सगळ्यांत शेवटी इथून कोण निघतं?"

डबे धुते ती शेवटी निघते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझी कापडी पिशवी त्यांनी टेबलावर रिकामी केली. फणी, डोकेदुखीचा बाम, मुलीचा फोटो आणि फॉइलमध्ये चार पोळ्या. त्या चार पोळ्या माझं रात्रीचं जेवण. जेवण कामावर, असं ठरलेलंच होतं. निखिल सर मॅडमकडे बघून हसले. "मिळालं," म्हणाले.

नंतर ती काळी पिशवी. मी फरशीवर बसले. आमटी लागलेल्या, लोणच्याने लाल झालेल्या, चिकटलेल्या पोळ्या. एकेक सोडवून वर्तमानपत्रावर मांडली. मोठ्याने मोजायला सांगितलं होतं. माझा आवाज मुळात बारीक. ते म्हणाले, "ए, जरा जोरात."

पोळ्या करणाऱ्या काकांना ते "अहो काका" म्हणायचे. मी त्यांच्या आईच्या वयाची. मला "ए."

दोनशे बारा निघाल्या. ते म्हणाले, "हे डब्यातून परत आलेलं. हे विकलं गेलंय, पैसे आलेत. वरच्या एकशे साठ कुठे आहेत? मजुरांच्या कॅम्पात विकतेस?"

तोंड उघडलं, शब्द आला नाही. गप्प बसले म्हणजे कबूल केलं, असं झालं. खलास. दर महिन्याला साडेतीनशे दिरहम कापायचं ठरलं. म्हणजे आठ हजार रुपये. मुलगी गावी नर्सिंगला आहे, तिच्या हॉस्टेलचे तेवढेच जातात.

मला स्वयंपाकाला आणलं होतं हेही लिहून ठेवते. गावी एजंटने तसं सांगितलं होतं, कागदावरही तसंच होतं. पहिल्या दिवशी मॅडमनी चहा दिला, गाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कपाकडे बघितलं. तो कप मी धुऊन ठेवला तरी पुन्हा कधी रॅकवर दिसला नाही. म्हणाल्या, "स्वयंपाकाला आहेत गं माणसं. तू डबे बघ." समुद्र ओलांडून आले आणि आडनाव माझ्या आधी येऊन बसलं होतं. तेव्हापासून मी मोरीजवळ. कणकेच्या परातीला माझा हात नाही. मग पोळ्या चोरायला मात्र तोच हात कसा चालला, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबे पुसून लावत होते. सगळे डबे सारखेच, फक्त कॅम्पच्या डब्याच्या कडीला लाल दोरा. हे डबे व्हॅनने मुहैस्नाहला जातात. सगळे त्याला सोनापूर म्हणतात. बांधकामावरचे लोक तिथे राहतात, आपल्याकडचे खेड्यापाड्यातले, कोकणातले. लाल दोऱ्याच्या डब्यात काका सहा पोळ्या ठेवत होते. रोजच ठेवतात. धंदा सुरू झाला तेव्हा मॅडमनीच सांगितलं होतं, "ओझी उचलणारी माणसं आहेत, त्यांना दोन जास्त द्या." तोंडी सांगितलं. कुठे लिहिलं नाही.

लाल दोऱ्याचे डबे ऐंशी. दोन-दोन जास्त.

एकशे साठ.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. काकांना म्हटलं, "काका, काल तुम्हाला माहीत होतं ना?" ते पोळी लाटत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "माझा व्हिसा रिन्यू व्हायचाय, बाई."

मॅडमना सांगायला मी दोन दिवस धीर गोळा केला. दारात उभी राहून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "निखिल एमबीए आहे गं. तू किती शिकलीस?"

"चौथी."

"मग?"

आपण दिलेला शब्द त्या खरंच विसरल्या होत्या की भाच्यासमोर त्यांना तो आठवायचा नव्हता, मला अजून कळलेलं नाही. आता कळून घ्यायचंही नाही.

पैसे कापायची रीत सांगते. पगार कार्डावर पूर्ण यायचा. कागदावर सगळं स्वच्छ. मग मॅडम मला व्हॅनमधून पैशांच्या मशीनवर पाठवायच्या. तीनशे पन्नास काढायचे आणि त्यांच्या हातात आणून द्यायचे. माझ्या चोरीचा दंड मीच काढून आणायची. व्हॅन चालवायचे इस्माईलभाई, रत्नागिरीकडचे. पहिल्या महिन्यात मी मशीनची चिठ्ठी फेकायला लागले तर म्हणाले, "बाय, टाकू नको ती. पैसे गेले ते गेले, कागद तरी ठेव." ती चिठ्ठी मी ठेवली. चिठ्ठीची शाई उडते म्हणून आकडा या वहीत उतरवला आणि खाली त्यांची सही घेतली. असं दर महिन्याला.

वही तिथून सुरू झाली.

निखिल सरांचा प्लॅन भिंतीवर लागला. इंग्रजीत, रंगीत. त्याचा अर्थ एवढाच की सगळ्यांना चार पोळ्या. लाल दोरा असो नसो. पीठ वाचलं. मॅडम खूश झाल्या.

मी मोरीजवळ बसून बघत होते. परत आलेला डबा उघडला की कळतं, माणूस जेवला की नाही. लाल दोऱ्याचा डबा इतका पुसून खाल्लेला यायचा की त्याला साबण कमी लागायचा. ऑफिसच्या डब्यात दोन पोळ्या तशाच, भाताचा कण नाही. ती माणसं खुर्चीवर बसून काम करतात, त्यांना चार पोळ्या जात नाहीत. हे टेबलावरून दिसत नाही, मोरीतून दिसतं. मी वहीत दोन खण पाडले. एक कॅम्प, एक ऑफिस. परत आलेल्या प्रत्येक पोळीला एक रेघ, पाच रेघांचा एक गठ्ठा. पानाच्या वरच्या कोपऱ्यात, किती डबे गेले ते. धंदा सुधारावा म्हणून मी हे केलं नाही, खोटं सांगत नाही. मी चोर नाही हे मला कागदावर बघायचं होतं.

दुसऱ्या महिन्यात लाल दोरे कमी व्हायला लागले. इस्माईलभाई रिकाम्या पिशव्या आणून टाकायचे. "कॅम्पातली पोरं काय म्हणतात माहितीये? म्हणतात, तुमच्या मॅडमचा डबा म्हणजे उपासाचा डबा. एकादशीला मागवू."

ऐंशीचे साठ झाले, साठाचे चव्वेचाळीस. वर्ष संपताना एकतीस. ऑफिसमधून पोळ्या परत येतच होत्या, दिवसाला तीनशेवर. रोज दोन काळ्या पिशव्या भरायच्या. त्यांचं वजन मला माहीत, कारण त्या मीच ओढत नेत होते.

पुन्हा रिव्ह्यू. तेच टेबल, तोच लॅपटॉप. तोटा वाढला होता. निखिल सर म्हणाले, "स्टाफ कमी करायला लागेल, मावशी. धुणारी आधी. डबे धुवायचं मशीन घेऊ." माझ्यासमोर एक कागद सरकवला. सही कर म्हणाले.

मी म्हटलं, "काय लिहिलंय?"

"फॉर्मॅलिटी आहे."

"मराठीत सांगा."

त्यांनी मॅडमकडे बघितलं. मग भरभर सांगितलं, "तुला सगळे पैसे मिळाले, कंपनीकडून तुझं काही येणं नाही, असं आहे. यल्ला, चल, कर सही, मला मीटिंग आहे."

आवाज बारीकच होता, पण या वेळी आला.

"माझं येणं आहे. चार हजार दोनशे. सही करणार नाही."

"कसले चार हजार दोनशे?"

वही मी ओढणीखाली धरलेली होती. ती टेबलावर ठेवली. बारा आकडे, बारा सह्या. आत बारा चिठ्ठ्या, अर्ध्या पुसट झालेल्या. म्हटलं, "हे घेऊन मी लेबर ऑफिसला जाईन. इस्माईलभाई येतील सांगायला." इस्माईलभाई दारात उभे होते. त्यांनी होय म्हणून मान हलवली. व्हिसा त्यांचाही होता.

मग मॅडमनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. "या रेघा कसल्या?"

मी सांगितलं. बसून नाही, उभी राहूनच. कॅम्पला सहा द्या, ते परत येतील. ऑफिसला दोनच द्या आणि भात वाढवा. ज्याला चार हव्यात तो मागेल. आत्ता आपण उपाशी माणसाची पोळी काढून कचऱ्यात टाकतोय. आणि त्या एकशे साठ पोळ्या कॅम्पने खाल्ल्या. मॅडम, तुमच्या शब्दाने खाल्ल्या.

काका परातीकडे बघत होते. शेवटी काकाच म्हणाले, "हो. बरोबर सांगते ती." एक वर्ष उशिरा म्हणाले.

निखिल सरांनी फोन काढला आणि माझ्या पानांचे फोटो घेतले. मला विचारलं नाही. आठवड्याने नवा प्लॅन भिंतीवर लागला. इंग्रजीत, रंगीत. माझ्या रेघांचे निळे-पिवळे खांब झाले होते. खाली त्यांचं नाव. लाल दोरे चार महिन्यांत सत्तरावर गेले, काळी पिशवी एकच उरली. मॅडमच्या घरी पाहुणे आले की त्या सांगतात, "आमच्या निखिलने वाचवला हो धंदा."

मशीन घ्यायचं राहिलं. मी कामावर राहिले. पैसे कापणं थांबलं, कापलेले मात्र परत आले नव्हते. मॅडम एकदा मोरीपाशी आल्या. म्हणाल्या, "तू इतकी हुशार, मग तेव्हा बोलली का नाहीस गं? उद्यापासून पोळ्यांना बस."

मी म्हटलं, "आधी पैसे."

त्यांनी हजार पुढे केले. "बाकीचे हळूहळू, इन्शाल्ला."

मी हात पुढे केला नाही. "कापले तेव्हा हळूहळू कुणी म्हटलं नाही, मॅडम. वेळेवर कापले. सगळे एकदम द्या. आणि सगळ्यांसमोर द्या, जशा पोळ्या मोजायला लावल्या तसे."

त्यांचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही.

काल दुपारी तीन वाजता दिले. सगळे भिंतीला लागून उभे होते. निखिल सरही आले होते, बहुतेक मॅडमनी बोलावलं असावं. मी खुर्ची ओढली आणि बसले. या किचनमध्ये मी पहिल्यांदा खुर्चीवर बसले. मी मागितला म्हणून कागद मराठीत लिहून आणला होता. चोरीच्या नावाखाली कापलेले पैसे परत, चोरी झाली नव्हती. मॅडमची सही त्यावर आधी घेतली. मग म्हटलं, "निखिल सर, तुम्ही मोजा. जरा जोरात."

शंभराच्या नोटा. त्यांनी एकेक टेबलावर मांडली. लोणच्याचे डाग नव्हते त्यांना.

यापुढे मी चहाचा कप धुऊन ठेवणार नाही, ज्याला फेकायचा त्याने माझ्यादेखत फेकावा. आडनाव विचारलं तर मोठ्याने सांगणार. हिशेब मांडला जाईल तेव्हा खुर्ची ओढणार. आणि ही वही कुणाला देणार नाही.

चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस.

चार हजार दोनशे, पूर्ण. पैसे फिटले. बाकीचं मी फिटू देणार नाही.