बादलीसर

सरांची चूक दाखवली की आधी त्यांचे कान लाल होत, मग दाखवणाऱ्याचे. लोणावळ्याच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवू लागले, तेव्हा ते विभागप्रमुख होते. मुलं त्यांना बादलीसर म्हणत आणि ते हे नाव पदवीसारखं मिरवत.

ओढ्यात आलेलं खत शेवाळ आणि गाळ किती लवकर शोषून घेतात, हे मोजायची सरांची स्वतःची पद्धत होती. खत आणि मीठ पाण्यात कालवायचं, बादलीभर एकदम ओतायचं आणि खाली जाऊन नमुने घ्यायचे. मीठ वाटेत कुणी खात नाही. त्याच्या मानाने खत जितकं कमी भरेल, तितकं ओढ्याने खाल्लं. सरांचे सगळे शोधनिबंध या एका बादलीवर तरंगत होते.

कान्हे गावच्या ओढ्यावर कपडे धुणाऱ्या एक मावशी दर वेळी विचारायच्या, "सर, आज बी मीठच व्हय? कालवण कवा शिजायचं?"

"मावशी, संशोधन चाललंय. साबण जरा थांबवा."

"मग ही धुणी तुमी धुता का?"

सर बादली उचलून वर सरकत.

दुसऱ्या पद्धतीत खत अगदी थोडं, थेंबाथेंबाने बराच वेळ सोडतात. सर तिला सलाईन म्हणत. "ओढा आजारी आहे का, मॅडम?"

मी म्हटलं, "एकाच ओढ्यावर दोन्ही करून बघू."

"बघा. हराल."

थेंबाथेंबाचं खत ओढ्याने थोड्याच अंतरात फस्त केलं. बादलीचं खत पार पुलापर्यंत वाहत गेलं. पोट भरलेल्याला वाढत राहायचं आणि वर त्यालाच भूक नाही म्हणायचं, असा हा प्रकार. मी तसं बोलले. कान लाल झाले. सरांनी पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा तेच आलं. "हा ओढाच लबाड आहे," म्हणाले आणि बादली उचलून चालू लागले. बादली गेली तर आयुष्यभराच्या कामातलं काय उरणार, हे त्यांनाही कळत होतं.

निवृत्तीच्या समारंभात प्राचार्यांनी "सरांची जगप्रसिद्ध पद्धत" अशी सुरुवात केली. हे जग तळेगावला संपत होतं. सर मध्येच उठले. "ती पद्धत चुकीची आहे. पोरांनो, वापरू नका. माझे जुने आकडेही धरू नका." आणि बसले.

प्राचार्य हातात हार घेऊन तसेच उभे. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. मी वाजवल्या, चांगल्या जोरात.

सर माझ्याकडे झुकून पुटपुटले, "पुरे, मॅडम. लोकांना वाटेल तुम्ही जिंकलात."