वीस जानेवारीची काळी साडी
संक्रांतीसाठी काळी चंद्रकळा कपाटातून काढली की मला अल हिलाल वस्तीतली माझी शेजारीण आठवते. ती बाकूची, नवऱ्याच्या गॅस कंपनीतल्या नोकरीमुळे आमच्यासारखीच कतारला आलेली. त्या वर्षी मी हळदीकुंकू वीस जानेवारीला ठेवलं होतं. दुपारी नेसूनसवरून, तिळाच्या लाडवांची वाटी घेऊन तिला बोलवायला गेले. दार उघडलं, तर तीही काळ्या कपड्यांत. मागे टेबलावर एका तरुणाचा फोटो, त्यापुढे लाल कार्नेशनची फुलं. माझी साडी बघून तिने मला घट्ट मिठीच मारली. "इथे अर्धं शहर काळ्या अबायात असतं," ती इंग्रजीत म्हणाली, "माझं काळं कुणाला वेगळं दिसतच नाही. तू कशी लक्षात ठेवलीस ही तारीख?" मला काही कळेना. मग तिनेच सांगितलं, की १९९० साली या तारखेच्या आदल्या रात्री सोव्हिएत रणगाडे बाकूत शिरले, त्यात तिचा मामा गेला आणि तेव्हापासून दर वर्षी या दिवशी त्यांचा सगळा देश कार्नेशन वाहतो. मी म्हटलं, "अगं, मला हे ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे या सणाला हौसेनं काळं नेसतात." तिने वाटीतला एक लाडू उचलून फोटोपुढे ठेवला. "मामाला गोड आवडायचं," म्हणाली. बोलावणं करायचं राहूनच गेलं. ती बाकूला परत जाऊन आता बरीच वर्षं झाली. हळदीकुंकू मी वीस तारखेला ठेवत नाही. काळी साडी मात्र त्या दिवशी नेसते.