भाऊंच्या पोटातलं जग

नगरच्या एका दैनिकात मी कितीतरी वर्षं जगाचं पान लावत होते. म्हणजे एजन्सीकडून आलेल्या इंग्रजी बातम्या मराठीत आणायच्या, कापायच्या, मथळे द्यायचे आणि पान वेळेत सोडायचं. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात संध्याकाळी एखाद्या देशाचं सरकार पडायचं, मी झोकात चार कॉलमी मथळा द्यायचे, आणि तेवढ्यात जाहिरात विभागातून वाढदिवसाची अर्धपान जाहिरात आली की ते सरकार बिचारं पुन्हा उभं राहायचं. उद्या पाडू म्हणावं, तर उद्या दुसऱ्या कुणाचा तरी वाढदिवस. आमच्या जिल्ह्यातल्या काही पुढाऱ्यांचा तर वर्षातून दोनदा होत असावा, असा माझा दाट संशय आहे. बघता बघता जगाचं पान अर्धं झालं, मग पाव, मग राशिभविष्याच्या शेजारी एक पट्टी. त्या पट्टीत मी सगळे खंड दाटीवाटीने बसवत होते. एक दिवस पट्टी गेली आणि पट्टीमागोमाग मीही गेले.

गावी आले. बेलापूरपासून जवळच आमचं गाव. एसटीच्या थांब्यापाशी झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि समोर बघितलं तर भिंतीवर गावाचा वार्ताफलक. सिमेंटचा काळा फळा, वर पत्र्याची पडवी. त्यावर कधीकाळची पोलिओ डोसची सूचना अर्धवट पुसलेली होती. मला हसूच फुटलं. एवढी मोठी जागा, आणि जाहिरात विभाग नाही! खडूचा खोका घेतला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी जगाचं पान पुन्हा सुरू केलं.

लोक वाचतील का, अशी शंका मला आली होती. ती मूर्खपणाची निघाली. शेजारच्या देशात सरकार बदललं की आमच्याकडे कांद्याचा भाव बदलतो. समुद्रात कुठे जहाजं अडली की युरिया महागतो. त्यामुळे परराष्ट्र धोरणावर बोलायला आमच्या थांब्यावर कुणी कुणाची परवानगी घेत नाही. एसटी उशिरा येते, त्याचाही फायदा झाला.

नगरच्या डेस्कवरची एक सवय मात्र मी सोडली नाही. दोन वेगळ्या ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय फळ्यावर काही लिहायचं नाही. आणि खात्री नसेल तर तेही सांगायचं. फळ्याचा उजवीकडचा खालचा कोपरा मी चौकट आखून त्यासाठी राखला आणि वर लिहिलं, ‘अजून कळलं नाही’. वर्तमानपत्रात असली चौकट मागितली असती तर संपादकांनी मला पाणी पाजून घरी पाठवलं असतं. इथे ती सगळ्यांत लाडकी झाली.

तिची सगळ्यांत मोठी चाहती म्हणजे फळ्याशेजारी भाजी विकणारी मावशी. मावशी मेथीची जुडी बांधता बांधता अख्खा फळा मोठ्याने वाचायची, त्यामुळे गिऱ्हाइकांना भाजीबरोबर आंतरराष्ट्रीय घडामोडी फुकट मिळायच्या. तिचा मुलगा आखातातल्या एका शहरात ट्रेलर चालवतो. घरी टीव्ही आहे, पण मावशी तो लावू द्यायची नाही. ‘‘त्यो डबा लई वरडतो, ताई,’’ ती म्हणायची. ‘‘पोरगं तिकडं पानी पीत असलं तरी ह्यो म्हनंल, बुडालं.’’ म्हणून मुलाच्या शहराची खबर ती फक्त फळ्यावरून घ्यायची. हा विश्वास मला फार आवडायचा आणि त्याची थोडी भीतीही वाटायची.

आता भाऊंकडे वळते. भाऊ म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ, एका संस्थेचे अध्यक्ष. मी भाऊंवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. शपथेवर सांगते, ते माझ्या डोक्यातही नव्हते. मी एवढंच लिहिलं होतं की आफ्रिकेतल्या एका देशात राष्ट्राध्यक्षांनी निवडणूक पुन्हा पुढे ढकलली, कारण कडक ऊन. देशाचं नावसुद्धा ठळक लिहिलं होतं. पण भाऊंच्या संस्थेची निवडणूकही पुढे गेलेली, आणि कारणही ऊनच. फळ्यासमोर लोक हसून हसून वाकले. दुपारी भाऊंचा कार्यकर्ता दुकानात हजर. तिशीचा, कडक इस्त्रीचा, मुळात गोड माणूस.

‘‘ताई, भाऊंवर लिव्हलंय म्हनं तुमी.’’

‘‘अरे, तो आफ्रिकेतला आहे.’’

‘‘तिकडं बी ऊनच हाय ना?’’

‘‘देशाचं नाव वाच की.’’

‘‘नाव कोन वाचतंय, ताई? लोकं हसत्यात, त्ये दिसतं.’’ मग आवाज उतरवून म्हणाला, ‘‘जगाचं कशाला लिवता? हळदीकुंकवाचं लिवा.’’

मी म्हटलं, हळदीकुंकवाला दोन ठिकाणांहून खात्री मिळते, पण त्यात मजा नाही. तो हसला आणि गेला. दोन दिवसांनी फळ्यावर फ्लेक्स आला.

काय सांगू त्या फ्लेक्सचं कौतुक! फळ्याची मापं घेऊन बनवलेला, बांबूच्या चौकटीवर ताणलेला. मधोमध भाऊ, कमरेपासून वर, हात जोडलेले. खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. भाऊंचा वाढदिवस बराच लांब होता, म्हणून वर छापलं होतं, ‘आगामी वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा’. नगरला ज्या वाढदिवसाने माझं पान खाल्लं होतं, तो पाठलाग करत गावापर्यंत आला. मी संतापले. आणि खरं सांगायचं तर मला गंमतही वाटली. एक खडू घेतलेली बाई झाकायला एवढं कापड!

पण आमचा थांबा उघड्यावर, वारं सुसाट. त्याच दुपारी भाऊ चौकटीसकट उडाले आणि रस्त्यापलीकडच्या उसात जाऊन पडले. कार्यकर्ता उसात शिरून त्यांना घेऊन आला. फ्लेक्स पुन्हा उडू नये म्हणून बांधणाऱ्याने मग सगळे करतात तेच केलं. कापडाला ठिकठिकाणी अर्धगोल चिरा दिल्या, म्हणजे वारं आरपार जातं. आता चिरा द्यायच्या कुठे? भाऊंच्या तोंडाला ब्लेड लावायची कुणाची छाती? म्हणून दोन मोठ्या चिरा पोटावर दिल्या, दोन्ही कुशींवर एकेक, आणि उजवीकडे खाली एक. ती नेमकी शुभेच्छुकांच्या रांगेत कार्यकर्त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने भाऊंच्या पोटावरच्या चिरेची झडप सहज उचलली आणि ओरडली, ‘‘ताई, अगं हितून दिसतंय!’’

मग काय! फ्लेक्स आणि फळा यांच्यात हातभर फट होती. मी खडू घेऊन बाजूने आत शिरायला लागले. आत गुलाबी उजेड, नव्या फ्लेक्सचा उग्र वास, बाहेर फक्त माझी पावलं दिसायची. लोक माझ्या चपलांशी बोलायचे. ‘‘ताई, तिकडचं मतदान झालं का?’’ असं कुणी माझ्या अंगठ्याला विचारायचं आणि मी आतून उत्तर द्यायचे. प्रत्येक बातमी झडपेमागे बरोब्बर बसेल अशी लिहायची. आयुष्यभर जाहिरातीभोवती बातमी बसवली होती, ती सगळी कला इथे कामी आली. युद्धबंदीची बोलणी भाऊंच्या पोटात, तेलाचे भाव डाव्या कुशीत, निवडणुका उजव्या. थांब्यावर आलेला माणूस रामराम झाला की विचारू लागला, ‘‘आज भाऊंच्या पोटात काय हाय?’’ झडपेपुढे रांग लागायची. एकदा भाऊ स्वतः गाडीतून गेले. लोक एकापाठोपाठ एक आपल्या फ्लेक्सपुढे वाकताहेत, हे बघून त्यांना भरून आलं असावं. त्यांनी काच खाली करून सगळ्यांना नमस्कार केला. मी आत होते. हसू दाबताना माझा खडू मोडला.

आणि ‘अजून कळलं नाही’ वाचायचं असेल तर कार्यकर्त्याचा चेहरा वर उचलावा लागायचा.

हा सगळा धिंगाणा चालू असताना आखातात युद्ध भडकलं. थांब्यावरच्या सलूनमधला टीव्ही स्टुडिओतच भोंगा वाजवू लागला. लालभडक अक्षरं, आगीची चित्रं, आणि मावशीच्या मुलाचं शहर बेचिराख. मावशीने घरी टीव्ही लावला नाही, पण सलूनचा आवाज तिच्या मेथीपर्यंत येत होता. तिने मुलाला फोन लावला. लागेना. सुनेने लावला. लागेना. मावशी माझ्याकडे आली नाही, सरळ फळ्याकडे गेली. झडपा एकेक उचलून बघितल्या. मी आदल्या दिवशी लिहिलेलं सगळं शिळं होतं.

मी सकाळभर मोबाईल घेऊन बसले. जिथून जिथून खबर मिळते तिथे तिथे शोधलं, डेस्कवरच्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. कुणी म्हणे क्षेपणास्त्र विमानतळावर पडलं, कुणी म्हणे समुद्रात. टीव्हीवरची आगीची चित्रं जुनी, कुठल्या तरी दुसऱ्याच गावची निघाली. पण शहर सुखरूप आहे असंही खात्रीने कुणी सांगेना. शेवटी मी फ्लेक्समागे गेले आणि कोपऱ्यातल्या चौकटीत लिहिलं, ‘मावशीच्या मुलाच्या शहराचं नेमकं काय झालं’. चौकटीवर एवढी माझी माया, पण त्या दिवशी मला ती नकोशी झाली.

बाहेर आले तर कार्यकर्ता उभा. या वेळी हसत नव्हता. खरोखर काळजीत होता.

‘‘ताई, भाऊंनी वर फोन लावलाय. तुमी लिवा, भाऊंच्या प्रयत्नांनी पोरगं सुखरूप.’’

‘‘सुखरूप आहे? कुणी सांगितलं?’’

‘‘असंलच की. लिवा तर खरं. ह्ये लिव्हलं तर फ्लेक्स आत्ता काढतो. फळा मोकळा. भाऊंचा शब्द हाय.’’

फळा मोकळा! शिवाय बातमी गोड होती, आणि बहुतेक खरीही असणार होती. मावशीला आजची झोप लागली असती. मनातल्या मनात मी मथळासुद्धा लिहून टाकला. मावशी तराजू सोडून उठली होती, सगळं ऐकत होती.

‘‘ताई,’’ तिने विचारलं, ‘‘खरं हाय का त्ये?’’

मला तिच्याकडे बघवेना. ‘‘माहीत नाही, मावशी.’’

तिने पदराने तोंड पुसलं. ‘‘मंग नगं लिवू.’’ आणि कार्यकर्त्याकडे वळून म्हणाली, ‘‘बाबा, उद्या हिनं खरंच सुखरूप लिव्हलं, तर मी मानू कशी?’’

कार्यकर्ता वळला आणि सलूनमध्ये जाऊन त्याने टीव्ही बंद करायला लावला. त्यासाठी मी त्याला आजही मानते.

फ्लेक्स राहिला, चौकटही राहिली. त्या दिवशी मावशी येता जाता कार्यकर्त्याचा चेहरा उचलून बघत होती. मजकूर बदलला नव्हता, तरी बघत होती. मला रडू येत होतं आणि मी उगाच झेरॉक्स मशीन पुसत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार ऐन भरात असताना मावशीच्या पिशवीत मोबाईल वाजला. मावशीने तो कानाला लावला आणि एकदम शिव्या द्यायला सुरुवात केली. अशा शिव्या, की दोन गिऱ्हाइकं भाजी ठेवून मागे सरकली. आम्हाला कळलं. मुलगा बोलत होता. त्यांना एका तळघरात नेऊन ठेवलं होतं, तिथे रेंज नव्हती. वर आल्या आल्या त्याने फोन केला होता, आणि आई शिव्या देते म्हणजे सगळं ठीक आहे, हे त्यालाही कळलं असणार. मी दुकानातून धावत निघाले, खडू घेऊन. कार्यकर्ताही धावला. मला वाटलं, आता हा भाऊंचं नाव लिहायला सांगणार. त्याने फक्त फ्लेक्सची एक बाजू ओढून माझ्यासाठी फट मोठी करून धरली.

पण मावशी आमच्या आधी पोचली. फोन एका हातात, मुलगा तिकडून अजून ‘‘आये, आये’’ करतोय, आणि हिने दुसऱ्या हाताने कार्यकर्त्याचा चेहरा वर केला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि पदराच्या टोकाने चौकटीतली ती ओळ खसाखसा पुसली. हात बाहेर काढून ओरडली, ‘‘कळलं!’’

अख्खा थांबा ओरडला. एसटी आली होती, तिचा कंडक्टरही ओरडला. कशासाठी ते त्याला ठाऊक नव्हतं. मी भाऊंच्या पोटाला टेकून हसत होते आणि रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

यथावकाश भाऊंचा वाढदिवस आला आणि गेला. फ्लेक्स उतरला तेव्हा मावशीने तो मागून घेतला आणि आपल्या भाजीच्या दुकानावर छत म्हणून ताणला. आता भाऊ आकाशातून हात जोडून असतात आणि त्यांच्या पोटातून कोथिंबिरीवर ऊन पडतं. फळा मोकळा आहे. परवा कार्यकर्ता सहज सांगून गेला, संस्थेची निवडणूक पुन्हा पुढे गेलीये, तेव्हा जरा आफ्रिकेचं जपून लिवा. मी लिहिते तसंच लिहीन. सकाळी खडू घेऊन पोचले की मावशी आधी जुडी बाजूला ठेवते.

‘‘ताई,’’ ती विचारते, ‘‘आज काय काय कळलं न्हाई?’’